आप्पा कुठे बसतात

“अहो, किती पुसाल ती खुर्ची? रंग जाईल तिचा,” बायको म्हणाली.

चिटणिसांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि खुर्ची दुकानाबाहेर आणून ठेवली. मग थोडी पुढे सरकवली. मग आणखी वीतभर. शेवटी ती अगदी रस्त्याच्या कडेला आली.

“बाकीच्यांच्या खुर्च्या आत आहेत.”

“आत उकडतं.”

“आप्पांना, की तुम्हाला?”

आज चिटणिसांना बायकोशी भांडायलाही सवड नव्हती.

गावच्या व्यापारी संघात अध्यक्ष निवडायला मतदान होत नसे. मुदत संपली की जुना अध्यक्ष सकाळी दहाला बाजाराच्या वरच्या टोकाकडून चालत निघायचा आणि ज्या दुकानात जाऊन बसायचा, त्याचा मालक पुढची तीन वर्षं अध्यक्ष. त्यावर कोणी वाद घालत नसे, कोणी रुसत नसे. निदान चारचौघांत तरी नाही. मोळे, बिजागऱ्या, कड्या-कोयंडे विकता विकता चिटणीस एकोणीस वर्षं संघाचे चिटणीस होते. सगळा बाजार त्यांना त्याच नावाने हाक मारायचा. इतक्या वर्षांत सहा अध्यक्ष झाले आणि प्रत्येक वेळी जुना अध्यक्ष त्यांच्याकडे बघून छान हसला आणि पुढे गेला.

ते सगळं त्यांनी गिळलं होतं. पण समोरचा चष्मेवाला घशाखाली उतरत नव्हता.

तो सहा वर्षांपूर्वी आला. काचेचं दार, आत गार हवा, तोंडात साखर. रस्त्यावरच्या दिव्यांसाठी चिटणिसांनी अकरा वर्षं अर्ज लिहिले, स्मरणपत्रं लिहिली, स्मरणपत्रांची स्मरणपत्रं लिहिली. चष्मेवाल्याने एक फोन केला आणि पंधरवड्यात दिवे लागले. तेव्हापासून चिटणीस संध्याकाळी दुकानाबाहेर उभे राहत नसत. त्याच्याकडे दिवसात किती गिऱ्हाइकं जातात हे त्यांना स्वतःच्या गिऱ्हाइकांपेक्षा जास्त नेमकं ठाऊक असायचं. वाचायचा चष्मा त्यांनी बसने दोन तास जाऊन दुसऱ्या गावाहून आणला होता. नंबर चुकला होता, म्हणून ते पावत्या हातभर लांब धरून वाचत. बायकोने मात्र सरळ रस्ता ओलांडून समोर चष्मा करून घेतला होता आणि वर घरी येऊन म्हणाली होती, “किती गोड बोलतो हो!” त्या दिवशी ते जेवले नव्हते.

दहा वाजले. आप्पा निघाले. आप्पा म्हणजे औषधवाले, मावळते अध्यक्ष, वजनदार गृहस्थ. एकेका दुकानासमोर मान डोलवत ते खाली येत होते. कापडवाला झाला, भांडीवाला झाला. चिटणिसांनी खुर्चीवरून पुन्हा एकदा फडकं फिरवलं. आप्पा त्यांच्या दुकानापाशी आले, त्यांच्याकडे बघून छान हसले आणि रस्ता ओलांडायला वळले.

तेवढ्यात त्यांचा गुडघा लचकला. ते एकदम वाकले, हात हवेत फिरला, खुर्चीच्या पाठीला लागला, आणि दुसऱ्या क्षणी आप्पा धपकन चिटणिसांच्या खुर्चीत होते.

बाजारात टाळ्यांचा कडकडाट झाला.

“आप्पा,” चिटणीस खाली वाकून हळूच म्हणाले, “गुडघा?”

“अचानक गेला रे.”

“मग निघाला कुठे होतात?”

आप्पांनी समोरच्या काचेच्या दाराकडे पाहिलं, मग जमिनीकडे. “आता बसलो ना तुझ्याकडे? बसलो तो बसलो. गप्प राहा.”

बायकोने हे ऐकलं होतं. “खुर्ची आपली आहे,” ती पुटपुटली. “पुष्कळ झालं.”

पहिला अभिनंदनाला आला तो चष्मेवालाच. त्याने चिटणिसांचा हात दोन्ही हातांत धरला. “खरं सांगू? आप्पांनी मला विचारलं असतं ना, तर मी म्हटलं असतं, तिथंच बसा. तुमच्याएवढं कोणी केलंय या बाजारासाठी?”

हा माणूस खोटं बोलत असावा, असं चिटणिसांना मनापासून वाटत होतं. त्यांनी त्याच्या डोळ्यांत निरखून पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता. याच्या मनात आपल्याबद्दल इतकं चांगलं आहे आणि आपल्या मनात याच्याबद्दल सहा वर्षं नुसती आग आहे, याचाही त्यांना हेवा वाटला. आणि आता याच्या वाट्याचं अध्यक्षपद तीन वर्षं भोगायचं, रोज समोर हे काचेचं दार बघत. त्यापेक्षा हेवा परवडला. हेव्याची निदान सवय होती.

“उठा आप्पा. चार पावलं तर आहेत.”

“अरे, वेड लागलंय का तुला?”

चिटणिसांनी त्यांच्या काखेत हात घातला. सगळा बाजार बघत होता. चष्मेवाला मागून “अहो, अहो, राहू द्या” म्हणत येत होता. काचेचं दार चिटणिसांनी सहा वर्षांत प्रथमच ढकललं. गार हवेत आप्पांना खुर्चीत बसवलं आणि दारात उभं राहून ते मोठ्याने म्हणाले, “आप्पांचा गुडघा दुखावला होता. ते इकडे निघाले होते.”

मग पहिली टाळी त्यांनीच वाजवली.

टाळ्या संपल्यावर ते दुकानात गेले, संघाची इतिवृत्ताची वही घेऊन परत आले आणि चष्मेवाल्याच्या टेबलावर ती उघडली. नव्या अध्यक्षाची नोंद त्याच दिवशी करायची, हे त्यांचं काम होतं. तारीख लिहिली, वेळ लिहिली. मग पेन थांबलं.

“नाव सांगा,” ते म्हणाले.

“माझं?” चष्मेवाला चकित झाला. “तुम्हाला माहीत नाही?”

“नाही,” चिटणीस म्हणाले. “कधी विचारलं नाही.”

त्याने नाव सांगितलं. चिटणिसांनी ते वळणदार अक्षरात लिहिलं आणि खाली चिटणीस म्हणून सही केली.