अठरा ग्रॅम जास्त

आत्याने सकाळी माझ्या चहाच्या कपाशेजारी एक रिकामा प्लास्टिकचा डबा ठेवला आणि म्हणाली, "आज माझ्याबरोबर सुपरमार्केटात यायचं. आणि तोंड बंद ठेवायचं." यातली पहिली अट मला जमण्यासारखी होती.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. वजनमापे खात्यात तीस वर्षं निरीक्षक होती. ती दारात दिसली की भलेभले दुकानदार तराजू पुसायला लागत. तिने लग्न केलं नाही, कुणाला सूट दिली नाही, आणि ती निवृत्त झाली तेव्हा अख्ख्या खात्याने हुश्श केलं. आम्हाला ती सोय नव्हती, कारण ती राहते आमच्याकडेच.

गेले दोन महिने ती त्या अवाढव्य सुपरमार्केटातून रोज पाव किलो बीटचं सॅलड आणत होती. घरात एकालाही बीट आवडत नाही. तरी आम्ही मुकाट्याने खात होतो आणि सगळ्यांच्या जिभा गुलाबी झाल्या होत्या. आईने एकदा धीर करून विचारलं, "वन्सं, तिथे दुसरं काही मिळत नाही का?" तर आत्या म्हणाली, "तुलना करायची तर पदार्थ एकच लागतो." आईने पुन्हा तो विषय काढला नाही.

खरा प्रकार वाटेत बाहेर आला. पहिल्या दिवशी जुन्या सवयीने तिने तयार पदार्थांच्या काउंटरवरचा काटा तपासून घेतला होता. काटा चोख निघाला. घरी येऊन स्वतःच्या काट्यावर पाहिलं, तिथेही बरोबर पाव किलो. दुसऱ्या दिवसापासून मात्र अठरा ग्रॅम जास्त. तिसऱ्या दिवशीही अठराच, आणि मग रोज.

"मग सांगायचं ना त्यांना," मी म्हटलं.

"नाही सांगितलं," आत्या रस्त्याकडे बघत म्हणाली.

मी जागच्या जागी थांबले. जिने बाबांच्या जिवलग मित्राच्या दुकानाला कुलूप ठोकलं होतं, तिने चूक दिसूनही दोन महिने गप्प बसावं?

"हे बघ, काटा नंतर बिघडला असेल तर सगळ्यांनाच जास्त जात असेल," आत्याने घसा साफ केला. "आणि बिघडला नसेल, तर तो माणूस फक्त मलाच जास्त घालतोय. काय ते आज कळलंच पाहिजे. मला झोप लागत नाही."

एकोणसाठ वर्षांची माझी आत्या कानापर्यंत लाल झाली होती. मला हसू आवरेना आणि तिला भर रस्त्यात मिठी मारावीशीही वाटली. मारली असती, पण तिच्या हातात छत्री होती.

सुपरमार्केटचं दार आपोआप सरकलं आणि गरम पावाचा वास अंगावर आला. काचेआड भाजलेले बटाटे, तेलाने चकाकणाऱ्या कोंबड्या, वाफाळती सूपं आणि सॅलडांचे बारा ट्रे मांडून ठेवले होते. मला तिथे कायमचं राहायला आवडलं असतं. आत्या पावांच्या रॅकमागे उभी राहिली आणि तिने मला पुढे ढकललं.

काउंटरवरचा माणूस साठीचा, गोल चेहऱ्याचा. डोक्यावर एक केस नाही, तरी केसांवर घालायची जाळीची टोपी कानापर्यंत ओढलेली. "नियम म्हणजे नियम," पावांमागून आत्याचा मऊ आवाज आला. तिचा असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

"पाव किलो बीटचं सॅलड," मी म्हटलं.

"तुमच्या वयाचं हे कुणी नेत नाही," तो म्हणाला.

"माझ्या आत्याला आवडतं. रोज नेते ती."

त्याचा चमचा हवेतच थांबला. "चष्म्याला साखळी असते, त्या?"

"त्याच."

त्याने वजन केलं, लेबल चिकटवलं, झाकण दाबायला पाठ वळवली आणि डबा दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला.

भाजीच्या विभागात गिऱ्हाइकांसाठी काटा ठेवलेला असतो. आत्याने आधी रिकामा डबा ठेवून आकडा शून्यावर आणला, मग माझा डबा ठेवला. दोनशे अडुसष्ट.

"काटाच बिघडलाय," ती म्हणाली. "सगळ्यांनाच जास्त जातंय. चल घरी." तिने चष्मा काढून पुसला, परत घातला, परत पुसला. मला फार वाईट वाटलं, आणि मग एकदम माझा पराक्रम आठवला.

"आत्या, मी त्याला सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"की तुझ्यासाठी नेतेय."

लबाड दुकानदाराकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं. "नमुना बाद," ती म्हणाली. "दुसरा आण."

काउंटरवरून एक रंगारी नेमकं तेच सॅलड घेऊन निघाला होता. हातांवर निळ्या रंगाचे वाळलेले शिंतोडे. मी धावत त्याला गाठलं. "काका, तुमचा डबा एक मिनिट द्याल? माझ्या आत्याच्या जन्माचा प्रश्न आहे."

त्याने मला आणि लांब उभ्या आत्याला निरखलं. "खाणार नाही ना?" असं विचारून तो स्वतःच डबा घेऊन आला.

दोनशे पन्नास. आत्याने डबा फिरवून ठेवला. दोनशे पन्नास. शेजारचा काटाही शून्यावर आणून त्यावर ठेवला. तिथेही दोनशे पन्नास.

"अभिनंदन," रंगारी म्हणाला. कशाबद्दल, हे त्याला माहीत नव्हतं. मी आनंदाने अशी उडी मारली की कांद्यांचा ढीग कोसळला, आणि तो बिचारा माझ्याबरोबर कांदे गोळा करायला लागला.

आत्या मात्र तरातरा काउंटरकडे निघाली. रांग आपोआप बाजूला झाली. मी दोन्ही हातांत कांदे घेऊन तिच्यामागे पळाले.

"अहो," ती खात्यातल्या आवाजात म्हणाली, "तुम्ही मला रोज अठरा ग्रॅम जास्त देता."

त्याने चमचा खाली ठेवला. "देतो."

"चुकून?"

"चुकून कसं? वजन झाल्यावर एक चमचा वरून घालतो. दुकानाचं नाही हो. आम्हाला दुपारी जेवायला मिळतं, त्यातला माझा वाटा."

आत्याने काचेवर हात टेकला. तिला आधार हवा होता, हे फक्त मला कळलं. त्याचं टक्कल जाळीखाली लालबुंद झालं होतं.

"पण बाई," त्याने हळूच विचारलं, "तुम्हाला माहीत होतं तर इतके दिवस तक्रार का नाही केली?"

मागची रांग कान देऊन उभी होती. माझ्या जिभेवर दहा उत्तरं आली होती, पण त्या दिवशी पहिल्यांदाच मी तोंड बंद ठेवलं.

"केली असती," आत्या म्हणाली, "तर तुम्ही घालायचं बंद केलं असतं."