शेहेचाळीस नंबरची बत्ती

"मूठ सोडा, देवाजी."

"सोडलीच आहे, बाई."

सोडली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी दंडावरचा पट्टा सैल करून पारा पुन्हा चढवून पाहिला. दोनशे दहा.

"मीठ?"

"सोडलं."

"दारू?"

"कधीच नाई. आपन कीर्तनातले मानसं."

"दुपारचं जेवण?"

देवाजी कोहपरेनं वर केलेली बाही खाली ओढली. घुग्घुसजवळच्या एका कोळसाखाणीच्या बत्तीघरात तो एकवीस वर्षं होता. खाली उतरणारा प्रत्येक माणूस टोपीला लावायची बत्ती त्याच्याकडून नेई आणि वर आल्यावर परत देई. शेवटची बत्ती खुंटीवर लागेपर्यंत देवाजी डबा उघडत नसे. एखादी खुंटी रिकामी दिसली की दात दातांवर घट्ट बसायचे. अशानं त्याच्या दाढा झिजून सपाट झाल्या होत्या.

"घरी कोण असतं?"

"कोनी नाई. अन्नपूर्णाले जाऊन चार सालं झाले. पोरगी बल्लारशाले दिली."

"मग मनातलं कोणाला सांगता?"

"मनातलं बिपीत दिसते काय?"

"दिसतं ना. समोर वाघ आला की काळीज धडधडतं, अंग ताठ होतं. तेवढ्यापुरतं ते बरं. पण वर्षानुवर्षं वाघ समोरच उभा असेल, तर रक्ताच्या नळ्या, काळीज, पोट, सगळं झिजतं."

देवाजी हसला. "वाघ असता तं पळालो नसतो काय, बाई?"

त्याचा वाघ एक्क्याऐंशी सालचा होता. त्या दिवशी पाळी सुटली, तेव्हा लच्छू नावाच्या कामगारानं बत्तीघराच्या खिडकीतून दोन बत्त्या आत सारल्या. एक त्याची, एक त्याचा जोडीदार वारलू आत्रामची. मित्राची बत्ती मित्रानं द्यायची, ही तिथली रीतच होती. देवाजीनं शेहेचाळीस नंबरच्या खुंटीवर वारलूची बत्ती अडकवली आणि वहीत खूण केली. वारलू मात्र विसरलेला डबा आणायला उतरणीवरून पुन्हा आत गेला होता. तिथवर विजेचे दिवे होते, बत्ती लागत नसे. डबे ठेवायच्या बाजूच्या गल्लीत छत त्याच्यावर कोसळलं. पुढच्या पाळीची माणसं शेजारून खाली गेली, कोणाला कळलं नाही.

सांजेला वारलूची बायको शकुबाई विचारत आली. देवाजी म्हणाला, "बत्ती आली ना त्याची. बाजारात गेला असन." ती बाजारात गेली.

तेव्हापासून देवाजी ज्याची बत्ती त्याच्याच हातून घेई, तीही तोंड बघून. पोरं थट्टा करत, "देवाजीभाऊ, लगीन जमवता का आमचं?" शनिवारी हनुमंताच्या देवळात कीर्तन असे. एकेकाळी पुढच्या ओळीत टाळ धरणारा देवाजी आता पायरीवरच बसे. गेल्या शनिवारी वणीकडच्या बुवांनी टाळकऱ्यांना हातानं थांबवून सांगितलं होतं, "देवापुढं काय रडता? तो सगळं जाणून आहे. ज्याचं काळीज दुखवलं त्याच्या दारी जा." बुवा आणि डॉक्टरीणबाई एकच बोलले, याचं देवाजीला नवल वाटलं.

शकुबाईला नवऱ्याच्या जागी खाणीच्या याच दवाखान्यात काम मिळालं होतं. देवाजी बाहेर आला, तेव्हा ती व्हरांडा पुसत होती. त्यानं चपला काढल्या.

"शकुबाई, बोलाचं होतं."

"ओलं आहे, भाऊ. कडंनं या."

"त्या दिवशी मी तुमाले बाजारात धाडलं."

"हो. मी बांगडीवाल्यापाशी बी उभी राह्यली." तिनं फडकं पिळलं. "लच्छूनं सांगतलं मले सारं. दोन बत्त्या तं सारेच देत. तुमाले काऊन दोष देऊ?"

पाच वर्षं हेच ऐकायला तो झुरला होता. इथंच त्यानं परतायला हवं होतं.

"अजून एक आहे. त्याले काढाले मी बी खाली उतरलो होतो. तो जिता होता, बाई. पानी मागे. पानी येतवरी गेला."

फडकं तिच्या हातातच राहिलं.

"सायेब तं म्हने, दगड पडला अन् तिथीच गेला. पोरीले बी मी तेच सांगतलं."

"नाई."

"किती वेळ होता?"

"दगडाखाली चार घंटे."

शकुबाईनं बादली उचलली. पाणी अजून गढूळही झालं नव्हतं. ते तिनं अंगणात ओतलं, नवं भरून आणलं आणि पुसून झालेली फरशी पहिल्यापासून पुसायला घेतली.

त्या आठवड्यात देवाजीला झोप लागली. दोनदा तर त्यानं भर दुपारी भाकर खाल्ली. पुढच्या मंगळवारी पारा एकशे सत्तरवर थांबला.

"काय केलंत?" डॉक्टरीणबाई खुलल्या.

"बोललो."

"बघा! मी म्हणत नव्हते?"

गोळ्यांची पुडी घेऊन तो बाहेर आला. बाकावर, रोग्यांच्या रांगेत, शकुबाई बसली होती. एका हातात नंबराची चिठ्ठी, दुसरा हात बरगडीखाली दाबलेला.

"काय झालं, बाई?"

"काई नाई. खाल्लेलं टिकत नाई."

"कधीपासून?"

तिनं व्हरांड्याच्या फरशीकडे पाहिलं. आतून शिपायानं अकरा नंबर पुकारला. तिच्या चिठ्ठीवर सतरा होता.

देवाजी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला.

"तुमाले कामावर जाचं नाई काय, भाऊ?"

"जाईन."

बारा झाला, तेरा झाला. रांगेतली माणसं एकेक करून आत जात राहिली. ती दोघं समोरच्या भिंतीकडे बघत होती, आणि त्यांच्यामध्ये एका माणसाची जागा रिकामी होती.