मागच्या रांगेतला ठिपका

सहा वर्षं मी आमच्या चर्चच्या गायकवृंदात नुसतं तोंड हलवते आहे, हे आधीच सांगून टाकते. थायरॉइडचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. बोलायचा नाही, गायचा. बोलायचा जायला हवा होता, असं माझ्या जावयाचं मत आहे. पण गुरुवारची तालीम, नंतरची बिअर आणि गुड्रुनच्या शेजारची माझी जागा सोडून मी घरात बसून करणार काय? मग मी गुड्रुनच्या आवाजाआड लपले. काय तो आवाज! खालच्या पट्टीतला, लोण्यासारखा मऊ. माझ्या उजव्या कानात असा भरायचा की आपणच गातोय असं वाटावं.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग विद्यापीठातून श्वेन्या नावाची मुलगी आली आणि ईस्टरच्या आधी तिने आम्हा चाळीस जणांच्या कॉलरला एकेक चिमुकला माइक अडकवला. प्रत्येकाचा आवाज सुटा नोंदवायचा म्हणे. ऐकणाऱ्याने हेडफोन लावायचा. समोरच्या पडद्यावर चर्चचा नकाशा आणि त्यात चाळीस ठिपके, नावांसकट. ज्याचा ठिपका बोटाने जवळ ओढाल तो कानाशी येऊन गाणार, लांब ढकलाल तो पार ऑर्गनपाशी जाणार. बाकीचे गप्प करून एकट्यालाच ऐकायचीही सोय.

मी श्वेन्याला कोपऱ्यात गाठलं. "माझा आवाज जरा बारीक ठेवशील का गं?"

"फ्राउ लाइपोल्ड, माझ्या हातात काहीच नाही हो. कुणाला ऐकायचं ते ऐकणाराच ठरवणार. तीच तर गंमत आहे!"

गंमत! मला पुढचे सहा आठवडे झोप लागली नाही.

जूनमधल्या एका रविवारी दुपारी चर्चच्या सभागृहात कॉफी, केक आणि ऐकण्याचा कार्यक्रम ठेवला होता. केकच्या शेजारी एक फ्रेम केलेलं मानपत्र आणि फुलांचा गुच्छ होता. तो ओटिलीबाईंसाठी. त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या. त्यांना त्या दिवशी मानद सदस्य करणार होते. मानद सदस्याने पहिल्या बाकावर बसून ऐकायचं, गायचं नाही. आमच्याकडे कुणाला हाकलत नाहीत, फ्रेम करतात.

आणि ही मागणी माझी आणि गुड्रुनचीच होती. ओटिलीबाई आमच्या दोघींच्या बरोबर मागे, मधोमध उभ्या राहतात. कानांनी अधू. तालमीत खोकल्याच्या गोळ्यांचे कागद चुरचुरवतात. "त्यांच्यामुळे आमचा सूर हलतो," असं मी आमच्या कांटोरना, म्हणजे वृंद बसवणाऱ्या मेर्टेनसाहेबांना, जाऊन सांगितलं होतं. आमचा सूर! सांगताना माझी मलाच लाज कशी वाटली नाही?

हेडफोन हातात आला तशी मी आधी स्वतःचा ठिपका ऑर्गनमागे ढकलून दिला. पण पुढचा माणूस बसला की सगळे ठिपके पुन्हा आपापल्या जागी येतात, असं श्वेन्याने हसत हसत सांगितलं. आता सुटका नव्हती. निदान शेवटचं सुख म्हणून मी गुड्रुनला एकटीला जवळ ओढलं.

एक श्वास ऐकू आला. मग काहीच नाही. मग खट्. पुन्हा श्वास. आणि पाठीमागून कुणाचा तरी पुसट सूर.

मी मान वळवली. शेजारच्या खुर्चीवर, दुसऱ्या पडद्यासमोर, गुड्रुन हेडफोन लावून बसली होती. तिचं बोट माझ्या नावावर होतं आणि तोंड उघडं.

"इलोना, तू गातच नाहीस!"

"आणि तू गं?"

"माझी नवी कवळी 'स' आला की सुटते. चार वर्षं झाली. मी म्हटलं, इलोना आहे ना, इतकं गोड गाते..."

"मी? अगं बाई, मी तुझ्या जिवावर उभी होते!"

आम्ही इतक्या हसलो की लोक बघायला लागले. मग गुड्रुन एकदम गंभीर झाली. "मग गातंय कोण?"

आमच्या दोघींच्या ठिपक्यांमागे, मधोमध, तिसरा ठिपका होता. मी तो ओढला. लोणी! माझ्या उजव्या आणि गुड्रुनच्या डाव्या कानात भरणारा तो आवाज ओटिलीबाईंचा होता. तिन्ही ठिपके एकत्र आणले तेव्हा तर आणखीच काही कळलं. आधी आमच्या दोघींचा श्वास, लगेच त्यांचा, मग सूर. दर ओळीला तसंच.

"त्यांना ऑर्गन ऐकू येत नाही गं," गुड्रुन हळूच म्हणाली. "त्या आपले खांदे बघतात. खांदे वर गेले की सुरुवात करतात."

तेवढ्यात मेर्टेनसाहेबांनी कपावर चमचा वाजवला आणि फ्रेम उचलली. ओटिलीबाई निळा ब्लाउज घालून रूबार्बचा केक खात होत्या. उठले तर माझी जागा जाणार होती. न उठले तर त्यांची.

"थांबा," मी म्हणाले. "मानपत्रावरचं नाव चुकलंय. तिथे माझं घाला. मी सहा वर्षं गायलेले नाही."

"माझंही घाला," गुड्रुन म्हणाली, आणि तिची कवळी खट् वाजली.

मी मेर्टेनसाहेबांना हेडफोन दिला आणि तिन्ही ठिपके दाखवले. त्यांची कॉफी गार होईपर्यंत ते ऐकत राहिले. मग त्यांनी फ्रेम उपडी करून ठेवली.

"गुरुवारी तिघीही आपापल्या जागेवर उभ्या राहा," ते म्हणाले. "आणि तुम्ही दोघी, श्वास मोठा घ्या."

"काय म्हणतायत?" ओटिलीबाईंनी विचारलं.

गुड्रुन त्यांच्या कानाशी ओरडली, "तुमचा आवाज फार छान आहे म्हणतायत!"

"ते ठाऊक आहे मला. पण तुम्ही पोरी पुढे असता म्हणून जमतं. दर वर्षी सांगते मी यांना, काही झालं तरी या दोघींना माझ्या पुढून हलवू नका." मेर्टेनसाहेबांनी मान डोलावली, आणि मी खाली बघितलं.

गुरुवारी मी खांदे इतके वर उचलले की ब्लाउजचं बटण तुटलं. मागून सूर लागला.