सेल्मरची बादली

सेल्मर टेस्डाल जानेवारीत वारला, पण मिसिसिपीकाठची आपली जागा त्याने सोडली नाही.

धरणाखालच्या काँक्रीटच्या कठड्यावर, वरून तिसऱ्या जागी, त्याची पांढरी प्लास्टिकची बादली पालथी पडून होती. पानगळीत तो ती घरी न्यायला विसरला, आणि पुढे मरणाच्या गडबडीत ते राहूनच गेलं. हिवाळ्यात बादली बर्फाखाली गेली आणि बर्फ वितळल्यावर तसूभरही न हलता पुन्हा वर आली.

कठड्याचा कायदा साधा होता. ज्याची बादली, त्याची जागा. एका बादलीमागे एक गळ. दुसऱ्याच्या बादलीला हात लावायचा नाही. कुणी कायमचा गेला की त्याची बादली उठायची आणि खालचे सगळे एकेक जागा वर सरकायचे.

लॅनी ब्रेकेनची जागा शेवटची, शौचालयाच्या भिंतीला लागून. तिथे पाणी भोवऱ्यासारखं जागच्या जागी फिरायचं. चार वसंत तिथे उभं राहून त्याने एक टायर आणि कुणाचा तरी डावा बूट एवढी कमाई केली होती. एक जागा वर सरकलं की भोवरा संपत होता. तेवढंच त्याला हवं होतं. कारण दर शुक्रवारी सासरे तळलेल्या माशाचा तुकडा काट्याला लावून विचारायचे, "जावईबापू, हा नदीचा की दुकानाचा?" आणि उत्तर टेबलाभोवतीच्या सगळ्यांना पाठ होतं.

लायलॅकची जांभळी झुडपं फुलली आणि पांढरे बास मासे नदी चढून आले. वरच्या जागांवर माणसं चंदेरी, काळ्या रेघांचे मासे धडाधड ओढत होती. लॅनीच्या गळाला एक फांदी लागली. तो तडक पहिल्या जागेवरच्या म्हाताऱ्या मिलोकडे गेला.

"मिलोकाका, सेल्मरकाका आता येणार नाहीत."

"तसं कळवलंय का त्याने?"

"अहो, आपण सगळे मयतीला होतो! तुम्ही तर पेटीला खांदा दिलात."

"पेटी उचलली," मिलो म्हणाला. "बादली नाही उचलली."

"मग ती उचलणार कोण?"

"मालक."

मिलो रोज सकाळी बादलीला नमस्कार करायचा. आधी थट्टेत, मग सवयीने. चौथ्या जागेवरचा रोलंड तर अलीकडे तिच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारू लागला होता. त्याचं म्हणणं, सेल्मर आता पूर्वीपेक्षा नीट ऐकून घेतो.

लॅनी सेल्मरच्या घरी गेला. त्याची बायको आर्डिसकाकू अंगणात रुबार्बचे आंबट देठ कापत होत्या. त्याने टोपी काढून सगळी हकीकत सांगितली.

"पांढरी? निळ्या झाकणाची?" काकूंनी सुरी खाली ठेवली. "अरे, ती माझी लोणच्याची बादली! दोन उन्हाळे शोधतेय. आणि तो मला म्हणाला, चोरीला गेली."

"मग येता का न्यायला?" लॅनीच्या तोंडाला पाणी सुटलं.

"येते तर!"

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आल्या. सेल्मरचा गळ खांद्यावर, रुबार्बच्या वड्यांचा डबा काखेत. काकूंनी बादली उचलून आतून बाहेरून पाहिली, हुंगली आणि तोंड वाकडं केलं.

"हिच्यात आता काकडी घालता येणार नाही," त्या म्हणाल्या, आणि बादली होती तिथेच पालथी घालून तिच्यावर बसल्या.

"काकू, तुम्ही ती नेणार होता ना?" लॅनीचा आवाज चिरकला.

मिलोने घसा खाकरला. "लॅनी, बादली कुणाची?"

"काकूंची."

"मग जागा कुणाची?"

रोलंड जरा नाराज दिसला. त्याचं कालचं बोलणं अर्धवट राहिलं होतं.

काकूंनी शिशाच्या गोळीला पांढरी पिसं बांधलेलं आमिष पाण्यात टाकलं. ते बुडायच्या आत बास लागला. काकूंनी तो वर ओढला आणि हवेत लोंबकळता धरला.

"ए लॅनी! हा सोडव बघू. मी माशाला हात लावत नाही. नवऱ्याच्या हाताचा वास घेत संसार केला, तेवढा पुरे."

लॅनी गेला. मासा काढला. तो दोन पावलं मागे सरतोय तोच दुसरा. मग तिसरा. दुपारपर्यंत त्याच्या तळव्यांना माशांचे काटे टोचून टोचून लाल ठिपके उठले होते.

"अर्धे तुझे हो," काकू म्हणाल्या. "उद्या पण ये."

तो तिसऱ्या जागी पोचला होता, ही गोष्ट खरी होती. एका बादलीमागे एकच गळ, म्हणून त्याच्या हातात गळ नव्हता, हीसुद्धा खरी होती. शुक्रवारी सासऱ्यांना काय सांगायचं ते तो मनात घोळवू लागला. 'मी धरले' म्हणता येणार नव्हतं. 'माझ्या हाताखालून गेले' हे त्याला त्यातल्या त्यात बरं वाटलं.

त्याची स्वतःची बादली खाली शौचालयाच्या भिंतीशी तशीच पालथी होती. तिच्यापलीकडे, जिथे भोवरादेखील पोचत नाही अशा कोरड्या खडीवर, एक नवा माणूस येऊन उभा राहिला होता. निवृत्त न्हावी असावा. तो बराच वेळ त्या बादलीकडे बघत होता. शेवटी टोपी हातात घेऊन तो वर आला.

"माफ करा हं," त्याने हलक्या आवाजात लॅनीला विचारलं. "त्या खालच्या बादलीचे मालक हयात आहेत का?"

लॅनी उत्तर देणार, इतक्यात काकूंच्या गळाची काठी वाकली.