चुकीच्या दगडापाशी

लिशीनच्या रानाकडून रडणे ऐकू आले की डीलियाला पान्हा फुटे. ऑक्टोबरात तिचे बाळ गळ्याला नाळ आवळून मेलेलेच जन्मले होते. आता नाताळ तोंडावर आला, तरी दूध आटत नव्हते.

"समुद्रपक्षी ओरडतोय गं," तिचा नवरा फेस्टी म्हणे. "बटाटे थंड होतायत, जेव."

"पक्षी माझ्याच नावानं ओरडतो होय?"

बाप्तिस्म्याआधी दगावलेल्या बाळांना चर्चच्या दफनभूमीत जागा नसे. कॉनेमाराच्या त्या किनाऱ्यावर बाप त्यांना खोक्यात घालून, दिवस मावळल्यावर, लिशीन नावाच्या काटेरी रानात पुरून येई आणि वर एक बिननावाचा दगड ठेवी. कोणता, ते आईला सांगायचे नाही, असा रिवाज होता. सांगितले तर ती तिथून उठायचीच नाही, असे पुरुष म्हणत. अशा बाळांना स्वर्गही नाही आणि नरकयातनाही नाहीत, असा निवाडा विद्वानांनी शतकांपूर्वीच दिला होता. आपण केवढे दयाळू, या विचाराने त्यांना समाधानही वाटले असावे.

डीलियाला फक्त दगड हवा होता.

"बोलू नकोस. नुसतं बोट दाखव."

"तुझ्याच भल्यासाठी गप्प आहे मी. माझ्या आईनं तीन घालवली, कधी विचारलं नाही."

"तुझ्या बापाला विचारून काय मिळणार होतं तिला? तूही त्याचाच."

नाताळच्या प्रवचनात फादर टायनन रंगात आले. ज्याने आकाश तोलून धरले, तो गर्भाच्या अंधारात नऊ महिने राहिला; नाळेतून जेवला, दुपटी ओली केली; माणसाच्या नशिबी येणारे एकही ठिकाण त्याने टाळले नाही. लोकांना प्रवचन आवडले. डीलियाने त्यावर विश्वास ठेवला.

मग येशूला मारायला निघालेल्या हेरोद राजाने कापून काढलेल्या बाळांचा सण आला. त्यांच्यापैकी एकाचाही बाप्तिस्मा झाला नव्हता, तरी चर्च त्यांना संत मानते. मात्र त्यासाठी राजाच्या तलवारीने मरावे लागते, आईच्या नाळेने मरून भागत नाही. त्या सकाळी चर्चमधल्या गव्हाणीतले मेणाचे येशूबाळ नाहीसे झालेले आढळले.

"हेरोदाच्या अख्ख्या फौजेला सापडला नाही, आणि तुझ्या बायकोनं उचलून नेला!" फादर दारातूनच फेस्टीवर कडाडले. "कुठे आहे तो?"

"लिशीनमध्ये, फादर," आतून डीलिया म्हणाली.

"तिथे? त्या जागेत?"

"एकही ठिकाण टाळलं नाही त्यानं, असं तुम्हीच म्हणालात ना?"

यावर फादरांना लॅटिनमधली अनेक उत्तरे ठाऊक होती. "दुपारच्या आत परत आण," एवढेच ते फेस्टीला म्हणाले आणि सायकलवर बसले.

डीलिया नवऱ्याच्या मागोमाग गेली आणि रानाच्या गडग्याशी थांबली. आतले दगड सगळे बिननावाचेच, गवतात बुडालेले. त्यांतल्या जरा मोठ्या, पांढऱ्या दगडापाशी तिने मेणाचे बाळ शालीत गुंडाळून ठेवले होते. आपल्याला सापडत नाही ते येशू तरी शोधून काढील, असा तिचा भरवसा होता.

फेस्टीने बाळ उचलले, काखेत धरले आणि माघारी वळला. चार पावलांवर त्याचा पाय अडला.

"तो पांढरा दगड तर कॉइनच्या पोराचा," तो स्वतःशीच पुटपुटला. "चुकीच्या ठिकाणी ठेवलंस, बाई."

मग टोपी काढून तो समुद्राकडच्या कोपऱ्यात गेला आणि तळहाताएवढ्या एका काळ्या दगडासमोर गुडघे टेकून बसला. मेणाचे बाळ त्याने दगडाला टेकवून ठेवले. शाल नीट केली. मागे वळून पाहण्याचे धाडस त्याला झाले नाही.

डीलियाने गडगा ओलांडला.

दुपारच्या प्रार्थनेची घंटा झाली. देव देहात आला आणि आपल्यात राहिला, हे फादर रिकाम्या गव्हाणीसमोर नेमाने म्हणत असतील. इकडे फेस्टी बसल्या जागी थोडा सरकला आणि त्याने तिला दगडाशेजारी जागा करून दिली.