क्लॅरी हयात असेपर्यंत

"शेड पाडावी लागेल, मिसेस पॅजम," ट्रेंट कॉपिन म्हणाला. "दीड मीटर नगरपालिकेच्या जागेत आलीय."

"आणि तुमचं सार्वजनिक शौचालय माझ्या परसात आलंय, त्याचं काय?" मॉर्नाने खिडकीबाहेर बोट दाखवलं. "तुमच्याच मोजणीवाल्याने खुंट्या ठोकताना सांगितलं मला."

"तो विभाग वेगळा आहे."

नगरपालिकेच्या जमीन खात्याचा हा तिसरा माणूस. पहिला चहा पिऊन 'बघतो' म्हणाला आणि बदलून गेला. दुसरीने सगळं पहिल्यापासून विचारलं आणि बाळंतपणाच्या रजेवर गेली. मॉर्नाने तीस वर्षं शाळेची बस चालवली होती. मागच्या बाकावरची टारगट पोरं नुसती आरशात बघून गप्प केली होती. ही माणसं मात्र आरशात मावतच नव्हती. जमिनीच्या पट्ट्याला पट्टा घ्या, हद्दीची रेघ थोडी वाकवा, विषय संपला, हे तिने तिघांनाही सांगून पाहिलं होतं.

शेडमध्ये तिच्या नवऱ्याने, क्लॅरीने, जन्मभर लाकडी होड्या बांधल्या. आता त्याला मुलींची नावं आठवत नसत. पण टोस्ट खाऊन झाला की पाय आपोआप तिकडे वळत. "मॉर्न, रंधा कुठे ठेवलास गं?" असं ओरडत तो हातातल्याच रंध्याने एखादी फळी तासत बसे. शेड गेली तर तो कुठे जाणार? पलीकडे थेट नदीच होती.

महिन्याभराने ट्रेंट हसतमुखाने आला. "काम झालं! शेड राहू दे म्हणतात. फक्त इथे सही करा."

मॉर्नाने चष्मा लावून वाचलं. क्लॅरी पॅजम हयात असेपर्यंत शेड ठेवता येईल. त्यानंतर तीन महिन्यांत स्वखर्चाने काढावी लागेल. बाहेरून रंध्याचा आवाज येत होता.

"आणि शौचालय?"

"ती जागा तुम्ही आम्हाला कायमची लिहून द्यायची."

तिने पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुमचं शौचालय कायमचं आणि माझा नवरा मुदतीवर?"

"तसं नाही हो..."

"मग शौचालयही क्लॅरी असेपर्यंतच. तो गेला की तीन महिन्यांत पाडा. घाल तसं लिहून."

"मिसेस पॅजम, असं कुणी लिहितं का?"

"तूच आणलंयस की लिहून."

ट्रेंटची मान खाली गेली. कागद घेऊन तो निघून गेला आणि पुन्हा सगळं थंड पडलं.

होड्यांच्या शर्यतीच्या शनिवारी अख्खं गाव नदीकाठी लोटलं. मॉर्नाने पहाटेच शौचालयाच्या दाराला साखळी घालून कुलूप ठोकलं आणि पाटी टांगली: खाजगी जागा. थोड्याच वेळात तिच्या फाटकापर्यंत रांग लागली. चुळबुळणारी पोरं, ओशाळलेले म्हातारे, सगळ्यांना तिने आपल्या घरातल्या संडासात जाऊ दिलं. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला मात्र ती बजावत होती, "आता नगरपालिकेला फोन कर हं."

दुपारच्या आत ट्रेंट धावत आला, सुट्टीच्या अर्ध्या चड्डीत, घामाने निथळत. "कुलूप काढा ना! महापौरबाईंचे फोन येतायत मला."

"तो विभाग वेगळा आहे," मॉर्ना म्हणाली.

तो पायरीवर मटकन बसला आणि हसायलाच लागला. मग तिथूनच त्याने फोन लावला. "जागेची अदलाबदल," तो पलीकडच्याला ओरडून सांगत होता. "हो, कायमची. दोन्हीकडून!"

थंडी पडायच्या आत खुंट्या सरकल्या. शेड मॉर्नाच्या हद्दीत आली, शौचालय त्यांच्या. कागद द्यायला ट्रेंट स्वतः आला आणि टोपी काढून तिचा हात हातात घेतला. मॉर्नाला वाटलं होतं, आनंदाने नाचावंसं वाटेल. प्रत्यक्षात नुसती दमणूक जाणवली. ती परस ओलांडून शेडकडे गेली.

क्लॅरी दाराशी भुसा झाडत होता.

"क्लॅरी, शेड आपली झाली. आता कुणी हात लावणार नाही."

त्याने वर पाहिलं. गिऱ्हाइकाकडे बघावं तसं अदबीने हसला.

"दार खाली घासत होतं, बाई," तो म्हणाला. "नीट बसवलंय. मालक आले की सांगाल ना?"

मॉर्नाने दार एकदा उघडून-मिटून पाहिलं.

"सांगते," ती म्हणाली.

मग कोपऱ्यातलं सुपडं घेऊन ती खाली बसली आणि त्याच्या झाडूसमोर धरून राहिली.