शेट्यांच्या नळावरची चिमणी

अयूब मुकादम एरवी दुकानांच्या पाट्या रंगवी आणि पंधरवड्यातून एकदा ‘कुर्ली’साठी व्यंगचित्र काढी. ‘कुर्ली’ हे रघू मुळ्येचं पाक्षिक. कुर्ली, म्हणजे खेकडी, जशी हाती लागेल त्याला चावते, तसं आपण पुढाऱ्यांना चावायचं, असं रघूने पहिल्याच अंकात लिहिलं होतं. दोघं रत्नागिरीतल्या एकाच शाळेत एका बाकावर शिकलेले. अग्रलेख, चुटके, ‘बंदरावरच्या बाता’ हे सदर, सगळं रघू एकटाच निरनिराळ्या नावांनी लिही. पण लोक अंक उघडत ते अयूबच्या चित्रासाठी, हे त्यालाही ठाऊक होतं.

चित्रात बहुतेक वेळा असत नगरपालिकेचे सभासद बाबूराव शेट्ये. प्रत्येक सभेत ते भाषणातच घरोघरी नळ आणायचे. अयूबने त्यांचं पोट घागरीएवढं केलं, त्यावर मोहरीएवढं डोकं ठेवलं आणि हातात एक भलामोठा नळ दिला. नळ इतका कोरडा, की चिमणीने त्याच्या तोंडात घरटं बांधलेलं. खाली ओळ होती : ‘शेट्यांच्या नळाला अखेर आली... चिमणी!’

गाव पोट धरून हसलं. मग वाचकांना दुसरं काही नकोच झालं. अयूबने बंदर काढलं, रस्ते काढले, मुंबई कुणाची यावरून तापलेल्या सभा काढल्या, तरी रघू म्हणे, “बाबूराव कुठायत? लोक विचारतात रे.” मग पुन्हा घागर, पुन्हा मोहरी. पहिल्यांदा ते चित्र काढताना अयूब एकटाच मोठ्याने हसला होता आणि त्याची बायको नसीमा चुलीपुढून उठून बघायला आली होती. आता हात आपला चाले, आणि त्याचं लक्ष भलतीकडेच असे.

नगरपालिकेची निवडणूक आली. एका सकाळी बाजारात जाताना अयूब थबकला. मासळीबाजाराच्या भिंतीवर त्याचंच चित्र लावलेलं होतं. तेच पोट, तोच नळ, तीच चिमणी. खालची ओळ मात्र कापलेली, आणि तिच्या जागी ‘बाबूराव शेट्ये यांनाच मत द्या’.

तो तसाच छापखान्यात गेला.

“चित्राचा छापायचा ब्लॉक तू दिलास?”

“दिला,” रघू हसत म्हणाला. “त्यांचा माणूस मागायला आला होता. अरे, माणूस स्वतःची फजिती स्वतःच्या हाताने भिंतीवर डकवतोय. मी कशाला अडवू? बघच तू, गाव हसून हसून पाडेल त्यांना.”

अयूब माघारी फिरला. वाद घालायचा तर तेवढं त्राण हवं.

बाबूराव भरघोस मतांनी निवडून आले.

पुढच्या आठवड्यात अयूब वर कातळावरच्या वाडीत शाळेची पाटी रंगवायला गेला. उन्हाने जीव कासावीस झाला म्हणून विहिरीवर पाणी मागायला थांबला. विहिरीचा तळ दिसत होता. हौसा नावाची एक म्हातारी कळशी ओढत होती. तिने त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. ते गढूळच होतं.

“मत दिलंत की नाही, आजी?” त्याने सहज विचारलं.

“दिलंय तर. त्या नळवाल्याला.”

“नळवाल्याला?”

“चित्रात त्यानं हातात नळ धरलान हाय ना? बाकीच्यांच्या हातात काय होतं? काय नाय.” तिने कळशी कडेवर घेतली. “आन् नळावर पाखरू बसलंय. पाणी नसंल, तर पाखरू कशाला येईल?”

अयूबच्या ओंजळीतलं पाणी गळून गेलं. “आजी, ते चित्र मीच काढलंय. ते घरटं आहे. नळ कोरडा आहे, म्हणून तर...”

“मग तसं सांगायचं होतंत,” ती म्हणाली आणि वाटेला लागली. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

घरी आल्यावर तो न जेवता बोर्डापुढे बसला. पुष्कळ दिवसांनी मन लावून त्याने चित्र काढलं. आटलेली विहीर, कळशी घेतलेली हौसा, समोर भिंतीवर बाबूरावांचं ते चित्र, आणि खाली तिचंच वाक्य.

रघूने ते पाहिलं आणि टेबलावर हात मारत तो हसत सुटला. “पाणी नसंल, तर पाखरू कशाला येईल! अयूब, एवढं झकास तू आजवर काढलं नव्हतंस! बाईचं नाक आणखी जरा लांब कर. तोंड उघडं ठेव, बावळट दिसली पाहिजे.”

अयूब त्याच्या हसण्याकडे बघत राहिला. सगळं गाव असंच हसणार होतं. चहाच्या दुकानात, वाचनालयात, कदाचित बाबूरावांच्या ओटीवरही. त्याने चित्राची गुंडाळी केली.

“हे नाही द्यायचं.”

“म्हणजे? पान मोकळं ठेवलंय मी!”

“हिच्यावर हसायचं नाही, रघू.”

“मग कुणावर हसायचं? बाबूरावांवर हसलो, तर ते निवडून आले!”

“तेच तर मला कळत नाही,” अयूब म्हणाला. “दमलो मी.”

तो अंक चित्राशिवाय निघाला. रघूने आपलं सदर ताणून पान भरलं. काही वाचकांनी विचारलं, बहुतेकांनी नाही. पुढचे दोन-चार अंक कसेबसे निघाले आणि ‘कुर्ली’ बंद पडली.

अयूब मिरकरवाड्याला होड्यांवर नावं रंगवू लागला. एका संध्याकाळी रघू तिथे आला आणि उपड्या होडीवर बसला. म्हणाला, “ब्लॉक द्यायला नको होता मी.”

“चूक माझ्या चित्राचीही होती,” अयूब म्हणाला. “वाचता येणाऱ्यांसाठीच काढलेलं.”

रघूने मान हलवली. अयूबने कुंचला रॉकेलात बुडवला, फडक्याला पुसला आणि उरलेलं अक्षर पुरं करायला घेतलं.